शिळेवर आकडा आहे, नावे नाहीत : सर्व ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

जुन्या चावडीच्या भिंतीत बसवलेली शिळा आपण सर्वांनी येता-जाता पाहिली आहे; वाचली मात्र फार थोड्यांनी असेल, कारण वर्षानुवर्षांच्या रंगरंगोटीत तिची अक्षरे बुजून गेली होती. गेल्या उन्हाळ्यात समितीच्या सदस्यांनी रंगाचे पापुद्रे हलक्या हाताने सोडवले, तेव्हा खालचा इंग्रजी मजकूर उमटून आला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढेच त्यावर लिहिले आहे. अशा शिळा त्या काळच्या सरकारने देशातील कित्येक गावांत बसवल्या आणि मजकुराचा साचा सगळीकडे जवळपास हाच होता. आपल्या शिळेवर नाव एकाचेही नाही.

ही उणीव आपल्या चावडीपुरती नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा लागला नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक संख्या तेवढी दिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात ही असमान वागणूक मान्य करून माफी मागितली. याच मोहिमेत १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या होत्या. रसद संपत आली तेव्हा घोडी कापावी लागली, धर्माला धरून अनेक भारतीय शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करल्यावर वाळवंटातून चालवत नेलेले असंख्य कैदी वाटेतच दगावले. ते युद्ध आपले नव्हते, साम्राज्याचे होते, असा आक्षेप काही तरुणांनी बैठकीत घेतला आणि तो रास्तही आहे. पण गेलेली माणसे आपली होती, आणि त्यांची नावे शोधण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

म्हणून जुनी शिळा आहे तशी जपून तिच्याशेजारी नावांची नवी शिळा बसवण्याचे समितीने ठरवले आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना वीरमरण आलेल्या गावच्या जवानांची नावेही तिच्यावर असतील. मराठा पलटणींत गेलेले, १९१७ साली उभारलेल्या १११ व्या महार पलटणीत गेलेले, तसेच हातात बंदूक न घेता खेचरे हाकणारे, स्ट्रेचर वाहणारे आणि कामगार तुकड्यांत राबणारे, या सर्वांना एकाच अकारविल्हे यादीत स्थान मिळेल. हुद्दा कोरला जाणार नाही.

या कामी आम्हाला पैशांच्या आधी कागद हवे आहेत. घरातील ट्रंका, माळ्यावरची गाठोडी आणि देव्हाऱ्यामागचे डबे एकदा उघडून पाहावेत, ही आग्रहाची विनंती. त्या महायुद्धाचे चांदीचे पदक सापडल्यास त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली ती सहसा वाचता येते. मृताच्या वारसांना दिलेली तळहाताएवढी काशाची तबकडीही काही घरांत असू शकेल; तिच्यावर हुद्द्याविना केवळ नाव असते. कृपा करून असे काहीही चिंच किंवा राख लावून घासू नये. घासले की झळाळी येते आणि अक्षरे जातात. वस्तू आपल्याच घरी राहतील. कार्यकर्ते येऊन छायाचित्र घेतील. पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, जुने पत्र, किंवा आजीने सांगितलेली एखादी आठवण, हेही आम्हाला मोलाचे आहे, कारण युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत वडिलांचे आणि गावाचे नाव अनेकदा असले तरी इंग्रजी लिपीत आपली नावे इतकी मोडली आहेत की घरच्या माहितीवाचून ओळख पटत नाही.

शिळा, कोरीव काम आणि चावडीच्या भिंतीची डागडुजी यांसाठी निधी लागेल. देणगी ऐपतीप्रमाणे द्यावी. ती ग्रामपंचायत कार्यालयात समितीच्या पावतीवरच स्वीकारली जाईल आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जाईल. देणगीदारांची नावे शिळेवर येणार नाहीत. मंदिराच्या पायरीपासून बसथांब्याच्या बाकापर्यंत सौजन्याची नावे वाचण्याची सवय असलेल्या आपल्या गावात हे काहींना रुचणार नाही, तरीही हा निर्णय बदलणार नाही. आजी-माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी दरवर्षी होणारे ध्वजदिन निधीचे संकलन वेगळे आहे. तिकडचा हात आखडून इकडे देऊ नये.

माहिती दसऱ्यापर्यंत पोहोचावी. मुंबई-पुण्यास असणाऱ्यांनी गणपतीला गावी येताना जुने कागद सोबत आणल्यास फार सोयीचे होईल. ७ डिसेंबर रोजी, सशस्त्र सेना ध्वजदिनी, शिळेचे अनावरण गावातील वीरमाता आणि वीरपत्नी यांच्या हस्ते करण्याचा मानस आहे. त्या दिवशी भाषणे होणार नाहीत, यादी तेवढी मोठ्याने वाचली जाईल.

जुन्या शिळेवरील आकड्याइतकी नावे आपल्याला मिळतीलच असे नाही. म्हणून नव्या शिळेचा खालचा भाग कोरा ठेवला आहे, आणि पाथरवटाशी बोलणी करताना पुढे लागतील तेवढी नावे त्याच अक्षरांत कोरून देण्याचे आधीच ठरवून घेतले आहे.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य