डाइमबॅग गेला त्या आठवड्यातले पत्र

फोंडा, गोवा
१६ डिसेंबर २००४

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आपला लाडका हेवी मेटल गिटारवादक डाइमबॅग डॅरेल गेल्याची बातमी तुला तिकडे दुबईत समजलीच आहे, पण फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ८ डिसेंबरच्या रात्री अमेरिकेतील कोलंबस शहरात, आल्रोसा व्हिला नावाच्या क्लबमध्ये, त्याच्या डॅमेजप्लॅन या बँडचे पहिलेच गाणे चालू असताना एक माणूस पिस्तूल घेऊन रंगमंचावर चढला आणि त्याने डॅरेलला अगदी जवळून गोळ्या घातल्या. वय अवघे ३८. आपल्याकडे तेव्हा पणजीच्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती.

मला सर्वांत जास्त छळते ती गोष्ट अशी की, मागे ड्रमवर त्याचा सख्खा भाऊ विनी पॉल बसलेला होता. मेगाडेथ या गाजलेल्या मेटल बँडने डॅरेलला बोलावले होते तेव्हाची हकिगत तुला आठवते ना? तेव्हा पँटेराचे, म्हणजे या दोघा भावांच्या आधीच्या बँडचे, नाव टेक्सासबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, तरीही भावाला सोबत घेणार असाल तरच येतो असे त्याने सांगितले, आणि त्यांच्याकडे ड्रमर आधीच ठरलेला असल्यामुळे एवढी मोठी संधी त्याने सोडून दिली. त्यानंतर या दोघांनी जे वाजवले त्याला तोड नाही. चवथीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही वाद्ये एकमेकांना धरून वाढत जातात, तशी डॅरेलची रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी ती स्वरांची ओळ, आणि विनीचे पायाने वाजवायचे डबल बास ड्रम एकाच श्वासात चालत असत; कोण कोणाच्या मागे आहे हे मला आजही सांगता येत नाही. गिटारचा आवाज वाढवायला जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबचा अँप्लिफायरच चांगला, असे बहुतेक गिटारवाले मानत असताना त्याने ट्रान्झिस्टरच्या अँपमधून तो करवतीसारखा धारदार आवाज काढला. आणि सोलोमध्ये मात्र ब्लूजचा ओलावा असायचा, कारण वडिलांच्या स्टुडिओत तो लहानपणापासून तसले वादक ऐकत आला होता. १९९४ मध्ये पँटेराचा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तोही कोणाच्या आवडीसाठी स्वतःला मवाळ न करता.

इथे काही वडीलधारी मंडळी म्हणाली की, असल्या आरडाओरड्याच्या संगीतातून दुसरे काय निपजणार? मला हे ऐकवत नाही. बरोबर त्याच तारखेला, १९८० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या, आणि ज्याने घातल्या त्याने त्याच दिवशी लेननची स्वाक्षरी घेतली होती. लेनन तर शांततेची गाणी गात होता. त्याच्या मरणाचे कारण कोणी त्याच्या गाण्यांत शोधले नाही. शिवाय कोलंबसच्या त्या क्लबमध्ये बँडचा सुरक्षारक्षक, क्लबचा एक कर्मचारी आणि प्रेक्षकांतला एक तरुण, असे तिघे नि:शस्त्र असतानाही पुढे धावले, कोणी मारेकऱ्याला अडवायला, कोणी जखमींना वाचवायला, आणि तिघेही प्राणांस मुकले. मागच्या दाराने आलेल्या एका पोलिसाने मारेकऱ्याला टिपले नसते, तर आणखी किती जण गेले असते कोण जाणे. मेटल ऐकणारी माणसे कशी असतात हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने त्या तिघांकडे पाहावे. वर्तमानपत्रे मात्र पँटेरा २००३ मध्ये फुटल्याचा राग त्या मारेकऱ्याच्या डोक्यात होता काय, याच एका गोष्टीचा कीस पाडत बसली आहेत. त्याचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही, आणि आपल्या बोलण्यातही ते येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

एक गोष्ट वाचून मात्र मन भरून आले. नामवंत गिटारवादक एडी व्हॅन हेलन अंत्यविधीला आला आणि त्याच्या बँडच्या १९७९ च्या अल्बमच्या मागच्या पृष्ठावर दिसणारी आपली ती काळी-पिवळी पट्ट्यांची मूळ गिटार त्याने डॅरेलच्या शवपेटीत ठेवली. डॅरेलला तशी प्रतिकृती हवी होती. एडीने अस्सल दिली. ज्याचे वादन ऐकून डॅरेल घडला, त्यानेच त्याला असा मान द्यावा, याहून योग्य निरोप मला सुचत नाही.

नाताळात तू येशील तेव्हा डॅमेजप्लॅनची सीडी घेऊन ये, इथे मला ती मिळालेली नाही. पँटेराच्या रिफ मी पुन्हा बसवायला घेतल्या आहेत. दुसरी गिटार तुलाच धरावी लागेल.

तुझा मित्र