माहरेझबद्दल, निनादला

प्रिय निनाद,

तुझं पत्र मिळालं. बाकीच्या गोष्टींना सावकाश उत्तर देईन, पण त्यातल्या तीन ओळी मला काही गप्प बसू देईनात. ‘माहरेझ म्हणजे एका मोसमाची चमक. पुढे मँचेस्टर सिटीच्या बेंचवर बसला आणि मग पैशासाठी सौदीला गेला. अल्जीरियाकडून खेळला, कारण फ्रान्सने विचारलं नाही.’ तीन ओळींत एवढ्या मोठ्या फुटबॉलपटूचा निकाल लावून मोकळा झालास! यातलं एक वाक्य मला मान्य आहे. कुठलं, ते ओघात येईलच.

आधी एक दुरुस्ती. तू त्याला ‘निर्वासिताचा पोरगा’ म्हटलंयस. तसं नाही रे. रियाद माहरेझ २१ फेब्रुवारी १९९१ला सार्सेलमध्ये जन्मला. सार्सेल म्हणजे पॅरिसच्या उत्तरेचं उपनगर. महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा, १९५०च्या दशकाच्या मध्यापासून, तिथे ओळीने उंच इमारती उठवल्या आणि पुढे उत्तर आफ्रिकेतून, कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं त्यांत राहायला आली. याचे वडील अल्जीरियाचे, आईची मुळं अल्जीरिया आणि मोरोक्कोतली. पोरगा मात्र जन्माने तिथलाच. स्थलांतर त्याने केलेलं नाही, ते त्याच्या वाट्याला आलं. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न ज्याला जन्मगावीच विचारला जातो, अशा पिढीतला तो आहे.

आता खेळाकडे येतो. फ्रान्समध्ये फुटबॉलची गुणी पोरं फार लवकर हेरतात. क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय केंद्रात तेराव्या वर्षी निवड होते, मोठ्या क्लबांच्या अकादम्याही साधारण त्याच वयात पोरं उचलतात. माहरेझला कोणी उचललं नाही. पायात जादू आहे हे सगळ्यांना दिसायचं, पण अंगावर मांस नव्हतं. धक्का लागला की पडेल, असा हिशेब. मग तो इमारतींमधल्या मैदानांवर, वयाने मोठ्या पोरांत खेळत राहिला. तिथे जागा कमी, जमीन टणक आणि समोरचा अंगाने दुप्पट. अशा ठिकाणी ताकदीवर काही मिळत नाही. धक्का लागायच्या आत चेंडू तिथून हललेला असावा लागतो. पुढे प्रीमियर लीगचे बचावपटू त्याच्यापुढे भांबावलेले दिसायचे, ते शिक्षण इथलं.

वडील स्वतः खेळलेले होते, पोरामागे ठाम उभे असायचे. माहरेझ पंधरा वर्षांचा असताना ते हृदयविकाराने गेले. त्यानंतर आपण खेळाकडे गंभीरपणे बघायला लागलो, असं त्याने स्वतः सांगितलंय. मी यावर जास्त लिहीत नाही. खेळाडूंच्या चरित्रांत वडिलांच्या मृत्यूचा फार स्वस्तात वापर होतो.

अठराव्या वर्षी तो ब्रिटनीतल्या कँपेरला गेला. चौथ्या पातळीवरचा क्लब. तिथे त्याच्याबरोबर राहायला होता माथियास पोग्बा, म्हणजे फ्रान्सच्या पॉल पोग्बाचा भाऊ. पुढच्या वर्षी ल आव्र. त्या वेळी पॅरिस सँ-जर्मेंलाही तो हवा होता, तरी याने ल आव्र निवडलं, कारण तिथली तरुण पोरं घडवण्याची पद्धत त्याला भरवशाची वाटली. घरापासून जवळ असलेला श्रीमंत क्लब सोडून बंदरावरच्या दुसऱ्या दर्जाच्या क्लबात जाणं, हा निर्णय विसाव्या वर्षाच्या आत घेतलाय बरं का. पैशामागे धावणारा म्हणतोस ना त्याला?

ल आव्रच्या सामन्यात लेस्टर या इंग्लिश क्लबासाठी खेळाडू हेरणारा स्टीव्ह वॉल्श आला होता तो रायन मेंदेस या दुसऱ्याच खेळाडूला बघायला. नजर अडकली माहरेझवर. जानेवारी २०१४मध्ये साडेचार लाख पौंडांच्या आसपास किंमत मोजून लेस्टरने त्याला नेलं. त्या भावात तेव्हा प्रीमियर लीगच्या नावाजलेल्या खेळाडूचा गुडघाही आला नसता. लेस्टर हे नाव ऐकून माहरेझला वाटलं होतं की हा रग्बीचा क्लब असणार!

पुढची हकीकत तुला पाठ आहे. २०१४ला वरच्या लीगमध्ये बढती, २०१५ला तळाशी जाऊन शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून वाचणं आणि २०१६ला थेट विजेतेपद. सट्टेबाजांनी एकास पाच हजार भाव दिला होता. माहरेझचे लीगमधले गोल १७. खेळाडूंच्या संघटनेचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तो मान मिळालेला पहिला आफ्रिकी.

याला तू ‘चमक’ म्हणतोस, म्हणून दोन गोल तुला पुन्हा बघायला सांगतो. पहिला डिसेंबर २०१५चा, चेल्सीविरुद्ध. उजव्या कडेला चेंडू त्याच्या पायाशी, समोर अझपिलिक्वेता. डावखुरा माहरेझ उजव्या बाजूने खेळतो, म्हणजे आत वळून डाव्या पायाने मारणार हे अझपिलिक्वेताला माहीत आहे, त्याच्या प्रशिक्षकाला माहीत आहे, स्टेडियममधल्या पोराटोरांनाही माहीत आहे. माहरेझ खांदा टाकतो, मारल्यासारखं करतो आणि मारत नाही. अझपिलिक्वेताचा एक पाय रोवला जातो. त्या पायावर वजन आहे तोवर त्याला दिशा बदलता येत नाही आणि तेवढ्यात डाव्या पायाने वळवलेला चेंडू लांबच्या कोपऱ्यात गेलेला असतो. वेग नाहीच त्यात. सगळी गंमत थांबण्यात आहे. तीन दिवसांनी चेल्सीचा प्रशिक्षक मॉरिन्होची नोकरी गेली, तो भाग वेगळा.

दुसरा फेब्रुवारी २०१६चा, सिटीच्या मैदानावर. लेस्टरच्याच कान्तेने चेंडू हिसकावला आणि माहरेझकडे आला. त्याने सिटीचा बचावपटू ओटामेंडीला मागे टाकलं, पायाची एक फिरकी घेतली आणि दुसरा बचावपटू डेमिकेलिस डाव्या पायाची वाट अडवायला गेला. माहरेझ दुसरीकडून निघाला आणि उजव्या पायाने मारला. म्हणजे बघ, त्याची एकच युक्ती आहे असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की त्या एका युक्तीच्या धाकावर बाकीच्या सगळ्या चालतात.

आणि त्याचा पहिला स्पर्श! लांबून, उंचावरून आलेला चेंडू, हा कडेच्या रेषेला चिकटून उभा. डावा पाय उचलतो, घोटा सैल सोडतो आणि चेंडू पायावर येऊन निजतो. उसळी नाही, दुसरं पाऊल नाही. माझ्या मते या एका बाबतीत त्याच्या काळातले दोन-तीनच खेळाडू त्याच्या जवळ येतात.

आता अल्जीरिया. तुझं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. २०१४ला फ्रान्सने त्याला विचारलं नव्हतं, हे खरं. पण त्याने फ्रान्सच्या हाकेची वाट बघितली होती असं कोणी सांगितलं तुला? लेस्टर अजून खालच्या लीगमध्ये खेळत होतं तेव्हाच तो अल्जीरियाकडून खेळायला उत्सुक होता. विश्वचषकाच्या संघात नाव आलं तर अल्जीरियातच नाकं मुरडली गेली, हा इंग्लंडच्या दुसऱ्या लीगमधला कोण म्हणून! ब्राझीलमध्ये खेळायला मिळाला एकच सामना, बेल्जियमविरुद्धचा.

शिवाय या निवडीमागे मोठा इतिहास आहे आणि तो सोडून बोलता येत नाही. एप्रिल १९५८मध्ये, अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये खेळणारे अल्जीरियन व्यावसायिक खेळाडू गुपचूप देश सोडून निघाले आणि त्यांनी स्वातंत्र्यलढ्याचा संघ उभा केला. सेंत-एतिएनचा मेखलूफी त्यांत होता, मोनॅकोचा झितूनीही. दोघांचंही फ्रान्सच्या विश्वचषक संघात नाव येण्याची शक्यता होती. ती संधी त्यांनी सोडली. १९६२ला देश स्वतंत्र झाला. पुढे मेखलूफी सेंत-एतिएनला परतही आला आणि तिथे लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. हा इतिहास असा सरळ रेषेत जात नाही.

मग ६ ऑक्टोबर २००१. स्वातंत्र्यानंतर फ्रान्स आणि अल्जीरियाच्या मुख्य संघांचा पहिलाच सामना, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर. फ्रान्स ४-१ने पुढे असताना प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना सोडून द्यावा लागला. अल्जीरियाचा तो एकुलता एक गोल कोणी केला होता? जमेल बेलमादीने. तोही पॅरिसच्याच एका उपनगरात जन्मलेला. सार्सेलहून ते स्टेडियम काही किलोमीटरवर आणि माहरेझ तेव्हा दहा वर्षांचा.

२००९मध्ये अल्जीरियाच्याच पुढाकाराने फिफाने नियम बदलला. तोपर्यंत दोन देशांचं नागरिकत्व असलेल्या आणि एका देशाच्या युवा संघातून खेळलेल्या खेळाडूला एकविसाव्या वर्षाच्या आत दुसरा देश निवडावा लागायचा. ती वयाची अट गेली. फेगूलीसारखे, फ्रान्सच्या युवा संघातून खेळलेले, त्यामुळे अल्जीरियाला मिळाले. २०१४च्या अल्जीरियन संघातले निम्म्याहून जास्त खेळाडू फ्रान्समध्ये जन्मलेले होते. माहरेझला या नियमाची गरजच पडली नाही, कारण फ्रान्सच्या कुठल्याच युवा संघाने त्याला घेतलं नव्हतं! ज्यांनी घडवलं नाही त्यांच्याकडे तो गेला नाही, इतकं साधं आहे ते. यात ‘दुसरी पसंती’ कुठून आली?

आणि २०१९ बघ. आफ्रिका चषक, कैरो. अल्जीरियाचा कर्णधार माहरेझ, प्रशिक्षक तोच बेलमादी. उपांत्य सामन्यात नायजेरियाशी १-१. ९५व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर फ्री किक मिळाली. एरवी चेंडू अलगद वळवणाऱ्या या माणसाने तेव्हा जीव खाऊन मारला. गोल, आणि थेट अंतिम फेरी. तारीख होती १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. त्या रात्री पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर अल्जीरियाचे झेंडे घेऊन पोरं नाचत होती. कोणाला कौतुक वाटलं, कोणाच्या कपाळावर आठ्या चढल्या, काही ठिकाणी पोलिसांशी झटापटीही झाल्या. पाच दिवसांनी सेनेगलला १-० हरवून त्यांनी चषक घेतला.

देशाकडून सगळं गोडच झालं असं नाही. पुढच्या आफ्रिका चषकात आयव्हरी कोस्टविरुद्ध त्याची पेनल्टी खांबाला लागली आणि गतविजेते गटातच गारद झाले. दोनच महिन्यांनी कॅमेरूनने जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी गोल करून त्यांची २०२२ विश्वचषकाची वाट बंद केली.

सिटीकडे वळतो. तिथे जायच्या आधी, जानेवारी २०१८मध्ये, व्यवहार फिसकटला म्हणून तो लेस्टरच्या सरावाला फिरकलाच नाही. काही दिवस दांडी. ते मला आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. ज्या क्लबाने हात दिला त्याच्याशी असं वागू नये. उन्हाळ्यात सहा कोटी पौंडांत तो गेलाच. पहिल्या मोसमात लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारली ती आकाशात. तू तेव्हा किती हसला होतास!

पण ‘बेंचवर बसला’ म्हणजे काय रे? पाच मोसमांत २३६ सामने आणि ७८ गोल. लीगची विजेतेपदं चार. लेस्टरमध्ये मोकळं मैदान मिळायचं, चेंडू हिसकावला की धाव. सिटीचा प्रशिक्षक ग्वार्डिओलाकडे विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, रेषेवर उभं राहायचं, बराच वेळ चेंडूविना, समोरचा कडेचा बचावपटू बाहेर ओढून ठेवायचा आणि मग एकदाच वार करायचा. सत्ताविसाव्या वर्षी खेळ असा मुळापासून बदलायला सांगितला तर भलेभले कुरकुरतात. २०२१च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत समोर पॅरिस सँ-जर्मेंच होते, ज्यांना त्याने कोवळ्या वयात नकार दिला होता. पॅरिसमध्ये त्याची फ्री किक भिंतीच्या मधून गेली, परतीच्या सामन्यात दोन्ही गोल त्याचे. अंतिम सामना चेल्सीने जिंकला, ते दुःख आहेच. २०२३ला एफए कपच्या उपांत्य सामन्यात हॅटट्रिक केली, १९५८नंतर त्या टप्प्यावरची पहिली. आणि त्याच वर्षी इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात सिटीने युरोप जिंकलं तेव्हा तो पूर्ण वेळ बेंचवर होता. घे, एवढं तुझं.

सौदीचं वाक्य मान्य. २०२३ला बत्तिसाव्या वर्षी तो अल-अहलीकडे गेला तो पैशासाठीच गेला, वेगळं कशाला सांगू? तिथली राजवट फुटबॉल कशासाठी विकत घेतेय यावर आपलं दोघांचं एकमत आहे. पण तो तिथे पाय लांब करून बसला नाही. २०२५ला त्याच क्लबाने आशियाची चॅम्पियन्स लीग जिंकली. अल्जीरियाही २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरला, त्या वाटचालीत हा होताच.

इजिप्तच्या मोहम्मद सलाहपेक्षा मोठा म्हणशील, तर नाही. गोलांत सलाह मैलभर पुढे आहे आणि सातत्यातही. पण दोघांचा खेळ बंद आवाजात लावून फक्त चेंडू घेतानाचं पाऊल बघ. मग मला सांग तुला कोण जास्त वेळ बघावासा वाटतो.

उत्तर लवकर धाड आणि या वेळी तीन ओळींत गुंडाळू नकोस. काकूंना नमस्कार सांग. तुझ्या नव्या कामाबद्दल विचारायचं होतं, पण हे प्रकरणच लांबलं.

तुझा,
सुहास