'वेडा राजा' म्हणण्याआधी कागद कुणाचा ते पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोरियातल्या तेबाँग या अल्पजीवी राज्यावर लेख आला, याचा आनंद झाला. कोरियन मालिकांमुळे आमच्या परळच्या चाळीतल्या मुलीसुद्धा हल्ली तिकडच्या राजांची नावं घेतात. पण 'एका डोळ्याच्या वेड्या राजाने राज्य बुडवलं' एवढ्यावर लेखाने विषय संपवला, ते मला पटलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवत आले. कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणाच्या पदरी राहून लिहिला, हे आधी विचारा, असं मुलांना सांगत आले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला बखरी अशाच वाचायला शिकवलं. मग कोरियाच्या राजाला वेगळा न्याय का?

लेखातला हा 'वेडा राजा' म्हणजे तेबाँगचा गुंगये. त्याची हकीकत मुख्यतः 'साम्गुक सागी' या ग्रंथातून कळते. किम बुसिक यांनी तो राजाज्ञेने 1145 साली पुरा केला, म्हणजे गुंगये मेल्यावर सव्वादोनशे वर्षांनी. आणि आज्ञा देणारा राजा गोर्यो घराण्याचा. हे घराणं उभं राहिलं तेच मुळी 918 मध्ये गुंगयेचाच एक सरदार वांग गॉन याच्या बाजूने इतर सरदारांनी गुंगयेला गादीवरून खेचलं तेव्हा. त्याच वर्षी बाजारात एका व्यापाऱ्याला आरसा मिळाला आणि त्यावर वांग गॉन राजा होणार अशी भविष्यवाणी निघाली, असंही हा ग्रंथ सांगतो. जिंकणाऱ्याच्या इतक्या सोयीचा आरसा मी तरी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही.

पण याच ग्रंथाला गुंगयेबद्दल एक गोष्ट लपवता आली नाही. तो शिपायांबरोबर हालअपेष्टा सोसायचा, देण्याघेण्यात आपपरभाव करत नसे, म्हणून लोक त्याला मानत, असं त्यात लिहिलं आहे. विरोधकाच्या तोंडून आलेली ही साक्ष मला सगळ्यात मोलाची वाटते.

त्याच्यामागे लोक का गेले, हेही लेखात यायला हवं होतं. 889 मध्ये सिल्ला या तिथल्या जुन्या राज्याच्या राणी जिनसॉंगने कर वसूल करायला माणसं पाठवली आणि जागोजाग शेतकरी उठले. त्या धामधुमीत मठ सोडून आलेला हा भिक्षू 894 पर्यंत 3,500 माणसांचा म्होरक्या झाला. 901 मध्ये त्याने राज्य स्थापन केलं, 905 मध्ये राजधानी चॉरवॉनला नेली, 911 मध्ये राज्याला तेबाँग नाव दिलं. स्वतःला मैत्रेय बुद्ध म्हणवून घेणं लेखकाला हास्यास्पद वाटलं. पण करांनी पिचलेल्या माणसाला 'येणाऱ्या बुद्धाचं युग आलं' हे शब्द केवढा आधार देत असतील! चीनमध्ये सम्राज्ञी वू झेत्यान हिनेही 690 च्या सुमारास मैत्रेयाचंच नाव घेतलं होतं. आणि आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीत 877 मध्ये, शिलाहारांच्या काळात, बौद्ध विहाराला दिलेल्या दानाचे लेख कोरले जात होते. तो काळ त्याच काळाच्या नजरेने पाहायला हवा.

गुंगयेला मी निर्दोष म्हणत नाही. 915 मध्ये त्याने राणीला आणि दोन मुलांना मारलं, अशी नोंद आहे. त्याने स्वतः रचलेल्या धर्मसूत्रांवर टीका करणाऱ्या भिक्षूलाही त्याने ठार केलं म्हणतात. यातलं निम्मं जरी खरं असेल तरी ते भयंकर आहे. मात्र राज्य पडण्याचं दुसरं कारण लेखात कुठेच नाही. त्याची पहिली राजधानी सोंगाक, आजचं केसाँग. तिथल्या बड्या व्यापारी घराण्याचा मुलगा वांग गॉन त्याचा आरमारी सरदार होता. गुंगयेने सोंगाक सोडलं आणि 904 मध्ये छॉंगजूहून 1,000 कुटुंबं चॉरवॉनला आणून वसवली. त्यामुळे जुन्या मातब्बर घराण्यांचा जोर ओसरला असणार. वांग गॉनने गादीवर येताच पुढच्याच वर्षी राजधानी परत सोंगाकला नेली, हे विसरून कसं चालेल?

आणि सगळी प्रजा गुंगयेला विटली होती, तर 918 मध्येच गुंगयेच्या बाजूच्या माणसांनी बंड का केलं? उंगजूसारखे प्रांत थेट शत्रूराज्याला, उत्तर-बेक्जेला (म्हणजे नंतरच्या काळातल्या बेक्जेला), का मिळाले? गुंगयेने 904 मध्ये स्थापलेली मुख्य राजसभा वांग गॉनने तशीच का चालू ठेवली? वेड्याच्या कारभारात ठेवण्यासारखं एवढं काय होतं?

चॉरवॉनची ती राजधानी आज दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात आहे, सीमारेषा तिच्या मधून जाते. त्यामुळे तिथे नीट उत्खनन झालेलं नाही आणि ग्रंथाशी ताडून पाहायला जमिनीतला पुरावा फारसा हाती नाही. आपल्या पुरवणीत हे दोन ओळींत तरी छापावं. लेखाचा पुढचा भाग उत्तर-बेक्जेवर येणार असेल, तर तिथला राजा ग्यॉन ह्वॉन याला त्याच्या मुलाने 935 मध्ये मठात कोंडलं आणि सुटून आलेल्या बापाने 936 मध्ये स्वतःचंच राज्य बुडवायला वांग गॉनला मदत केली, ही हकीकतही त्याच ग्रंथातून आली आहे, एवढं वाचकांना सांगून मगच ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
परळ, मुंबई