गोणीत काय आहे, ते आधी आपण तपासू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी दूध-चीजच्या आयातीची बातमी आली की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एकीकडे शेतकरी मरेल, दुसरीकडे गिऱ्हाइकाला स्वस्त मिळेल. त्या जनावराला काय खाऊ घातलं, कसं ठेवलं, हे कोणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून धुळे-नंदुरबार भागात झाली, त्यामुळे मला राहवत नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच. माझी ड्युटी तिथे लागली. अंगात पांढरा सूट, तोंडाला मास्क, शेडमध्ये एकावर एक पिंजऱ्यांच्या रांगा आणि बाहेर जेसीबीने खणलेले खड्डे. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. एका म्हातारीने डालग्याखालून आपली एकुलती गावठी कोंबडी काढून माझ्या हातात दिली. 'दादा, मनी कोंबडीले काहीच व्हयेल नही,' एवढंच म्हणाली. ती कोंबडी तिच्या अंगणात मोकळी फिरणारी होती. पिंजऱ्यातल्या कोंबडीला तर पंख पसरायलाही जागा नसते, आणि अशा दाटीत रोग शिरला की थांबत नाही.

याच रोगाचं कारण देऊन भारताने अमेरिकेच्या कोंबडीला दार बंद ठेवलं होतं. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये आपण तो खटला अपिलातही हरलो. का हरलो, ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडे नवापुरात रोग निघाला की नवापूरच्या आसपासचाच भाग बंद करायचा, परदेशात कुठेही निघाला की त्या अख्ख्या देशाचा माल बंद, असा आपला नियम होता. त्याला शास्त्रीय धोका-मूल्यांकनाचा आधारही दाखवता आला नाही. युरोपने सील या समुद्री प्राण्याच्या कातडी-मालावर घातलेल्या बंदीचंही असंच झालं. प्राण्यांच्या हालांबद्दल लोकांना वाटणारी चीड हे आयात रोखायला वैध कारण ठरू शकतं, हे संघटनेने २०१४ मध्ये मान्य केलं. पण बंदीतल्या सवलती सगळ्यांना सारख्या नव्हत्या, तिथे युरोप अडकला.

आता दुधाची पाळी आहे. ज्या गाई-म्हशींना कधीही रवंथ करणाऱ्या जनावरांचं रक्त, मांस किंवा आतडी-काळीज घातलेलं खाद्य दिलेलं नाही, त्यांच्याच दुधाचे पदार्थ भारतात येऊ शकतात. तसा दाखला लागतो. अमेरिका याला व्यापारातला अडथळा म्हणते. मला ही अट अगदी रास्त वाटते, आणि नुसत्या धर्मभावनेपोटी नाही. ब्रिटनमध्ये गाईंना मांस-हाडांचा भुगा चारला गेला, १९८६ मध्ये मॅड काऊ रोग ओळखला गेला, आणि पुढे एक लाख ऐंशी हजारांवर जनावरं त्याने ग्रासली. माणसंही दगावली. दादर ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप खाणाऱ्या आपल्या म्हशीला त्या रोगाची भीती नाही, ही आपली मिळकत आहे. करारात दुसरं काहीतरी पदरात पाडून घ्यायला ती सोडून देऊ नये.

पण ही अट उद्या संघटनेपुढे गेली तर पहिला प्रश्न येईल, तुमच्या घरी काय? आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही दुभत्या जनावरांना असलं खाद्य द्यायला मनाई आहे. मागच्या महिन्यात एका दुकानात पशुखाद्याची गोणी उलटी-सुलटी करून पाहिली. प्रथिनं किती टक्के, स्निग्धांश किती, सगळं छापलेलं. ती प्रथिनं कशातून आली, याचा एक शब्द नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, 'काका, आजवर कोणी विचारलं नाही.'

म्हणून माझी मागणी दोन्ही सरकारांकडे आहे. वाणिज्य मंत्रालयाने चाऱ्याची ही अट कुठल्याही करारात सैल करू नये, आणि राज्याने खाद्याचे नमुने तालुक्या-तालुक्यातून घेऊन त्यांचे निकाल जाहीर करावेत. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांबाबत विधी आयोगाने २०१७ मध्येच अहवाल दिला आहे, त्याचाही नीट अंमल व्हावा. अनेक दवाखान्यांत डॉक्टरची खुर्ची रिकामी असते, ती भरल्याशिवाय नमुना घ्यायला जाणार कोण?

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
साक्री, जि. धुळे