संत्रं इंग्रजांच्या आधीचं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकातल्या एका पत्रात 'नागपूरला संत्रं इंग्रजांनी आणलं' असं वाक्य आलं. सकाळच्या चहासोबतच ते वाचलं आणि चहा तसाच राहिला. माझं आयुष्य अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजना घाटच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत गेलं, आता मुलाकडे नागपूरच्या महाल भागात राहतो. म्हणून राहवलं नाही.

संत्र्याची रोपं औरंगाबादहून आणली ती दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखातलं शहर. रोपं लावली नागपुरातल्या सीताबर्डीला, राजाच्या खासगी बागेत. राजे १८१६ साली वारले. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरातली, आणि नागपूरचं राज्य खालसा झालं १८५४ ला. मग इंग्रजांनी आणलं कधी? सीताबर्डीची टेकडी लढाईनंतर त्यांच्या हाती गेली, त्याबद्दल वाद नाही. श्रेय द्यायचंच तर रेल्वेचं द्यावं. १८६७ ला गाडी नागपूरला पोचली आणि राजाच्या बागेतलं फळ मुंबईच्या बाजारात जायला वाट झाली.

आणखी एक. राजानं रोपं आणली खरी, पण झाड वाढवलं कलमाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, बांधणाऱ्या हातांनी, आणि त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. संत्र्याचं झाड बियांपासून करत नाहीत. आधी जंभेरीचं, म्हणजे लिंबाच्या एका आंबट जातीचं रोप वाढवायचं. ते बोटाएवढं जाड झालं की वीत-सव्वा वीत उंचीवर सालीला चीर द्यायची आणि चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवून घट्ट बांधायचा. माझे वडील केळीच्या सोपाच्या (खोडाच्या सालीच्या) दोरीनं बांधायचे, आम्ही प्लास्टिकच्या पट्टीनं. डोळा वितीहून खाली बांधला तर पावसाळ्यात मातीचे शिंतोडे उडून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग लागतो. हे मी किती वेळा सांगितलं असेल, तरी घाईच्या गिऱ्हाइकाला 'बांधलंय ना बापा' एवढंच कळतं.

इथं अंगणातही मी एक कलम लावलं होतं. मी गावी असताना नातवानं डोळ्याखालचा, म्हणजे जंभेरीचा फुटवा 'छान हिरवा आहे' म्हणून राखला. परत आलो तर संत्र्याची फांदी वाळलेली आणि जंभेरी माजलेली. आता झाडाला फळं भरपूर येतात, इतकी आंबट की शेजारी लोणच्याला मागून नेतात.

२०१४ ला नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण 'नागपुरी' म्हणताना ते बाहेरून आलेलं आहे हेही सांगावं, त्यानं त्याची चव काही कमी होत नाही. मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फुलांची) फळं बाजारात येतात तेव्हा, निदान तेवढ्या दिवसांत तरी, सीताबर्डीला कुठं या बागेची एखादी पाटी लागावी. पाटी लावणाऱ्यांना कलम हवं असेल तर मी बांधून देतो, डोळा योग्य उंचीवर असेल.

आपला,
एक जुना पन्हेरीवाला
महाल, नागपूर