‘समजलं का?’ विचारून भागत नाही

संपादक महोदय,

पाठ संपला की आम्ही शिक्षक विचारतो, ‘समजलं का?’ आणि सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो. मुलं खोटं बोलत नसतात. शब्द ओळखीचे होते, वाचताना कुठे अडखळलो नाही, म्हणजे समजलं, असंच त्यांना मनापासून वाटतं. मानसशास्त्रज्ञ एलेन मार्कमन यांनी १९७९ साली मुलांना एक उतारा ऐकवला होता. माशांना दिसायला उजेड लागतो, समुद्राच्या तळाशी उजेड अजिबात नसतो आणि तिथले मासे रंगावरून अन्न ओळखतात! यात काही चुकतंय हे पुष्कळ मुलांच्या, अगदी सहावीतल्याही, लक्षात आलं नाही.

आपलं कुठे अडलंय हे ओळखणं शिकवावं लागतं. मी मुलांना वाचताना हातात पेन्सिल धरायला सांगते. जिथे गाडी अडेल तिथे समासात खूण करायची. सुरुवातीला सगळ्या खुणा कठीण शब्दांपाशी असतात. खरी मजा पुढे येते. ‘रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो’ या वाक्यात एकाही अवघड शब्दाला हात न लावता एका मुलाने ‘म्हणून’भोवती गोल केला. म्हणाला, ‘बाई, जमीन थंड झाली हे कळलं. पण त्यामुळे वारा का सुटेल?’ समुद्रावरची हवा अजून उबदार असते, ती वर जाते आणि तिची जागा घ्यायला जमिनीवरची थंड हवा सरकते, ही मधली पायरी पुस्तकाने गाळली होती. ती त्या मुलाला जाणवली. मला तो गोल दहा बरोबर उत्तरांहून मोलाचा वाटतो.

अडल्यावर काय करायचं, तेही दाखवायला हवं. मागचं वाक्य पुन्हा वाचायचं, ‘त्याने’ म्हणजे नेमकं कोणी ते शोधायचं, दोन ओळी पुढे जाऊन बघायचं; नाहीच जमलं तर विचारायचं. मी स्वतः मोठ्याने वाचताना मध्येच थांबते आणि ‘हे मला पटेना, परत वाचते’ असं म्हणते. बाईही अडतात हे पाहिलं की हात वर करायची भीती जाते.

पण प्रकटवाचनात थांबलेल्या मुलाला आपण ‘पुढे वाच’ म्हणून दामटतो आणि न थांबणाऱ्याला शाबासकी देतो. हे बदलायला हवं. पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की प्रत्येक पाठाच्या स्वाध्यायात पहिला प्रश्न असा असावा : ‘या पाठात तुम्ही कोणत्या वाक्यापाशी अडलात? का?’ आणि त्याच्या उत्तराला गुण असावेत.

– एक प्राथमिक शिक्षिका