पनवेलला लाइनी जुळल्या, गाड्यांच्या वेळा कधी जुळणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पनवेल-कर्जत लोकलच्या कामाची बातमी आली की लगेच फ्लॅटचे भाव, नवे प्रोजेक्ट, कर्जतची फार्महाऊसं याचीच चर्चा सुरू होते, पण आम्हा पेण, रोहा, माणगाव, महाडकडच्या माणसांसाठी हीच लाइन पुण्याचा रस्ता होऊ शकते हे कुणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

पनवेलला काय काय एकत्र येतं बघा. सीएसएमटीवरून हार्बर, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, दिव्याकडून येणारी आणि पुढे वसईला जोडलेली लाइन, जेएनपीटीच्या कंटेनर गाड्या, खाली आपटा-पेण-रोह्याकडे जाणारी आमची लाइन आणि घाटाकडे कर्जतची. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्याच वर्षी हार्बर लोकलही पनवेलला पोचली, म्हणजे इतकी वर्षं दोन्ही शेजारी शेजारी आहेत, तरी आमची गाडी पनवेलला लागल्यावर पुढची गाडी मिळेल की नाही हे आजही नशिबावरच आहे.

आता पुण्याचं. आमच्याकडची कितीतरी मुलं पुण्याला शिकतात, नोकरीला आहेत, मोठ्या दवाखान्यासाठी पण लोक तिकडेच जातात. माणगावहून ताम्हिणीची एसटी आणि महाडहून वरंधा घाट, पण पावसाळ्यात ताम्हिणीत दरड आली की सगळं अडकलं आणि वरंधा तर पावसात बंदच ठेवतात. मग म्हाताऱ्या माणसाला घेऊन पनवेलला उतरा, रिक्षा करा, एसटी स्टँड गाठा, सामान घेऊन पुण्याच्या गाडीला उभे रहा. रेल्वेने जावं तर कोकणातून पुण्याला जाणाऱ्या थेट गाड्या लांब पल्ल्याच्या, त्याही ठरावीक दिवशी, लहान स्टेशनवाल्यांना त्याचा उपयोग किती?

नवी दुहेरी लाइन २९.६ किलोमीटरची आहे, वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून जास्त लांबीचा बोगदा खणून झालाय, चिखले, मोहोपे, चौक ही स्टेशनं होतायत. लोकल सुरू होईल तेव्हा तिचं टाइमटेबल फक्त मुंबईकडच्या गर्दीकडे बघून करू नका एवढंच आमचं म्हणणं आहे. रोह्याहून येणारी मेमू (लोकलसारखी विजेवरची पॅसेंजर) आणि दिवा-सावंतवाडीसारखी गाडी पनवेलला आली की वीस-पंचवीस मिनिटांत कर्जतची लोकल मिळाली पाहिजे, परत येताना पण तसंच. कर्जतला पुढे पुण्याच्या गाड्या आहेतच.

आणि खरं तर रोहा-कर्जत थेट मेमूच सोडायला काय हरकत आहे? रोह्याची आणि कर्जतची लाइन पनवेलच्या एकाच बाजूने फुटते म्हणून पुण्याच्या एक्स्प्रेसला तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं आणि वेळ जातो हे खरं आहे, पण मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, तिला इंजिन फिरवायची गरजच नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढ्याने सुरुवात करा.

अडचणी नाहीत असं म्हणत नाही. वीरपर्यंत २०२१ मध्ये डबल लाइन झाली पण त्याच्या खाली अजून बहुतेक सिंगलच आहे, एक गाडी क्रॉसिंगला अडकली की मागची सगळी लेट, त्यात पावसाळी टाइमटेबल लागलं की वेळा वेगळ्या. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढे कोकण रेल्वे, त्यामुळे दोघांनी एकत्र बसूनच हे ठरवावं लागेल. पण गाडी पनवेलच्या आधीच्या सोमाटणे स्टेशनला आली की पनवेलहून पुढची लोकल किती वाजता, कुठल्या फलाटावर, एवढी अनाउन्समेंट तर आजपासूनच करता येईल, त्यासाठी नवीन लाइनची वाट बघायची गरज नाही.

रायगड आणि रत्नागिरीच्या खासदार-आमदारांनी कर्जत लाइनचं टाइमटेबल ठरायच्या आधी हा विषय रेल्वेकडे लावून धरावा, एकदा वेळा ठरल्या की मग बदलायला वर्षानुवर्षं जातात. आपल्या पेपरने पण हा प्रश्न उचलावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, माणगाव (जि. रायगड)